चाकांवरचं घर (लेखांक १४) : टाकीला नाक हवं

सांडपाण्याची टाकी या आठवड्यात टांगू, असं म्हणालो होतो. ती अजून अंगणातच पडली आहे. कारण देवासहून आलेलं एक पत्र.

लिहिणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक. लेखांक ११ आणि १२ समोर ठेवून त्यांनी आपल्या जुन्या ट्रॅव्हलर गाडीखाली स्वच्छ पाण्याची टाकी बसवली. पट्टे, पट्ट्यांखालचं रबर, सायलेन्सरपासूनचं अंतर, सगळं बरहुकूम. टाकी ९० लिटरची. ‘पण महाराज,’ ते लिहितात, ‘पाणी मावतं साठ-बासष्ट लिटर. मग नळी उलटी करते आणि माझा पायजमा भिजतो. उरलेलं पाणी जायचं कुठे? दुकानदारानं फसवलं म्हणावं, तर टाकी खाली उतरवून बादलीनं मोजली. पुरते नव्वद.’ सोबत टाकीची आकृती, फूटपट्टीनं आखलेली, मापांसकट. शिक्षकच ते.

त्या आकृतीतच उत्तर होतं. टाकीची उंची २७ सेंटीमीटर. पाणी भरायची नळी आणि हवेची नळी, दोन्ही बाजूच्या भिंतीत, माथ्यापासून ९ सेंटीमीटर खाली. पाणी १८ सेंटीमीटरवर आलं की दोन्ही भोकं बुडाली, आणि वरच्या ९ सेंटीमीटरमधली हवा आत कोंडली. सत्तावीसातले नऊ म्हणजे तिसरा हिस्सा, नव्वदातले तीस. वरचे एक-दोन लिटर कुठून आले? भरायचं तोंड टाकीपेक्षा हातभर उंचावर आहे, तेवढ्या पाण्याच्या भारानं कोंडलेली हवा जरा दबते. हिशेब इतका चोख जुळला की पत्र मी घरात दोनदा वाचून दाखवलं. कुणी फारसं ऐकलं नाही.

यात माझाही दोष आहे. टाकी कुठे टांगायची यावर मी रकानेच्या रकाने भरले. मागच्या आसाच्या मीटरभर मागे १०० लिटर टांगले, तर ३३५० मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीत पुढच्या चाकांवरचे ३० किलो उचलले जातात आणि मागे १३० पडतात, हे गणित आकृतीसह दिलं. हवेच्या नळीला मात्र दीड ओळ. तेव्हा आजचा लेखांक तिचा.

इंदूरच्या सियागंजात १५ किलोचा तेलाचा डबा उघडताना पाहिला असेल. दुकानदार समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन भोकं पाडतो. एकातून तेल, दुसऱ्यातून हवा. एकच पाडलं तर तेल ढकढक करत, ठेचकाळत येतं. हे ज्याला कळलं त्याला टाकीचं निम्मं शास्त्र कळलं. उरलेलं निम्मं अवघड आहे, कारण डबा ओट्यावर सरळ बसतो, आपली टाकी घाटात फिरते.

गच्चीवरची काळी टाकी उभी असते, जागची हलत नाही, झाकणही सैल. तिला श्वासाचा प्रश्न पडत नाही. गाडीखाली जागा असते ती आडवी, म्हणून टाकीही परातीसारखी पसरट. माझी १०० सेंटीमीटर लांब, ५० रुंद, २० उंच. दहात एक असा उतार लागला तर लांबीच्या दोन टोकांत पाण्याच्या पातळीचा फरक पडतो १० सेंटीमीटर. उंचीच मुळी २०! हवेचं भोक माथ्यावर, पण एकाच टोकाला असलं, आणि नेमकं ते टोक खाली झुकलं, तर नाक पाण्यात आणि हवा दुसऱ्या कोपऱ्यात अडकलेली. म्हणून दोन नाकं. माथ्यावर, तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, तेलाच्या डब्यासारखी. दोन्हींच्या नळ्या वर नेऊन टी लावून एक करायच्या. आतला व्यास १६ मिलिमीटर तरी हवा. मी आधी काच धुवायच्या पाण्याची बारीक नळी लावून पाहिली होती. टाकी भरायला लागणाऱ्या वेळात पोहे करून खाऊन होत.

भरायच्या नळीबद्दल एकच सांगतो : तिला पोट सुटू देऊ नका. ४० मिलिमीटरची नळी तोंडापासून टाकीपर्यंत सतत उतरती हवी. मध्ये झोळ पडला की त्यात पाणी साचतं, हवेची वाट अडते, आणि पायजमा भिजतो.

‘एवढ्या भानगडी, मग टाकी टपावर का नाही?’ असं विचारणारे दर महिन्याला भेटतात. वजन टपावर नेलं की गाडी वळणावर झुलते, हे झालंच. रेल्वेच्या जुन्या निळ्या डब्यांत पाणी छताशी असे आणि आपोआप खाली येई. नव्या एलएचबी डब्यांत स्टीलच्या टाक्या खाली गेल्या आणि पाणी पंपानं वर चढवावं लागलं. खाली टाकी म्हणजे पंप आला, पंप म्हणजे ओढ आली. वरून पडणारं पाणी हवा नसली तर थांबतं. पंपानं ओढलेलं थांबत नाही, ते टाकीलाच आत ओढतं.

आणि ही हवा येते कुठून? याचा विचार मी स्वतः पहिली दोन वर्षं केला नव्हता. टाकीतून एक लिटर पाणी काढलं की एक लिटर हवा आत जाते. शंभर लिटर संपवले तर शंभर लिटर हवा पाण्यावरून फिरली. माझ्या नळीचं तोंड तेव्हा खालीच, मागच्या चाकाशेजारी होतं. म्हणजे पाणी गाळून भरायचं, टाकी अन्नासाठी चालणाऱ्या प्लास्टिकची घ्यायची, ब्लीचिंग पावडरनं खंगाळायची, आणि मग तिला चाकानं उडवलेला मुरूम आणि डिझेलचा धूर हुंगायला लावायचा. वर्षभरानं तपासणीचं झाकण उघडलं तर तळाशी तांबूस साय बसली होती. बोटानं ओढली तर रेघ उठली.

तरीही तोंड तिथेच राहिलं. मग कुंभारीण आली.

पावसाळ्यात गाडी महिनाभर अंगणात उभी होती. ऑक्टोबरात आम्ही महूवरून जाम घाट उतरून महेश्वरला निघालो. टाकी सकाळी घरच्या नळानं भरलेली. इंदूरच्या नळाला नर्मदा येते ती जलूदहून, म्हणजे मंडलेश्वरजवळून. सुमारे सत्तर किलोमीटर, विंध्याचा कडा चढवून. ते पाणी टाकीत भरून आम्ही पुन्हा मंडलेश्वरवरून नर्मदेकाठी नेत होतो. दर वेळी बायको हे बोलून दाखवते, आणि दर वेळी माझ्याकडे उत्तर नसतं.

घाटमाथ्यावरच्या जाम दरवाज्यापाशी चहा झाला, भांडी धुतली, वीसेक लिटर पाणी गेलं. महेश्वरला गाडी लावून नळ सोडला तर पंपाची नेहमीची टर्र एकदम चढली, आणि धार सुतासारखी बारीक. ‘पंप रडतोय,’ बायको म्हणाली. मी फ्यूज पाहिला, पंपाआधीची जाळी उघडून धुतली, बॅटरीचे व्होल्ट मोजले. तासभर गेला. शेवटी गाडीखाली सरकलो. टाकीचा माथा परातीसारखा आत गेला होता, बाजूच्या भिंती खपाटीला लागल्या होत्या, आणि मी लेखांक ११ मध्ये ज्यांची एवढी स्तुती केली ते पट्टे सैल होऊन टाकी त्यांत डुगडुगत होती. अजून थोडं ओढलं असतं तर ती रस्त्यावरच आली असती.

शेजारी इंदूरचीच एक टॅक्सी होती. तिचा ड्रायव्हर वाकून बघत म्हणाला, ‘भिया, टंकी का तो दम घुट रिया है.’ त्यानं हवेच्या नळीचं टोक चाचपलं. मातीनं लिंपलेलं, नखानंही निघेना, इतकं पक्कं. नळी सांध्यातून उपटली तशी टाकीनं भप्पकन श्वास घेतला आणि माथा जागेवर आला. मातीचा बुचका फोडला तर आत सात-आठ मेलेल्यासारखे कोळी आणि एक पांढरी अळी. कुंभारीण माशी कोळ्यांना डंख मारून निपचित करते आणि अळीची शिदोरी म्हणून ठेवते. तिला हवी तेवढी अंधारी, कोरडी नळी आम्ही आयतीच टांगली होती. सकाळी भरताना काही कळलं नाही, कारण नळाची पाइप बारीक आणि भरायचं तोंड रुंद, हवा तिथूनच निघून गेली. नंतर मी झाकण लावलं ते खास शोधून आणलेलं, रबरी वायसरचं, अगदी हवाबंद.

हिशेब मांडून पाहिला. टाकीच्या माथ्याचं क्षेत्रफळ ५००० चौरस सेंटीमीटर. पंपानं आतला दाब दर चौरस सेंटीमीटरला फक्त ५० ग्रॅमनं उतरवला, म्हणजे अर्धा मीटर पाणी ओढण्याइतका, तरी माथ्यावर २५० किलो बसतात. म्हणजे चार माणसं उभी. घाटानंही हातभार लावला. जाम दरवाज्यापाशी रिकामी करून बूच घट्ट लावलेली पाण्याची बाटली महेश्वरला चेपलेली मिळते, ती याचमुळे. पाचशे-सहाशे मीटर उतरलं की हवेचा दाब साधारण सहा टक्के वाढतो.

आता माझं नाक कमरेच्या उंचीवर आहे, भरायच्या तोंडाच्या शेजारी, गाडीच्या डाव्या अंगाला, सायलेन्सरच्या विरुद्ध. नळी आधी भरायच्या तोंडाच्याही वर जाते, मग छत्रीच्या मुठीसारखी वळून तोंड खाली करते. ब्रेक मारला तरी हिंदकळलेलं पाणी बाहेर येत नाही. तोंडावर रव्याच्या चाळणीची स्टीलची जाळी, क्लिपनं आवळलेली. मलमल लावू नका. ओली झाली की तिच्या भोकांत पाण्याचा पडदा धरतो आणि नाक पुन्हा बंद.

देवासच्या सरांनी नवी टाकी घेण्याचं कारण नाही. हवेचं जुनं भोक बुचानं बंद करा, माथ्यावर दोन टँक निपल बसवा. चकती आतून आवळायला तपासणीच्या झाकणातून हात जातो का, तेवढं भोक पाडण्याआधी बघा. मी आधी भोक पाडलं होतं आणि मग शेजारच्या सहावीतल्या मुलाचा हात उसना घेतला होता. तोवर भोकांच्या बाजूची चाकं दहा सेंटीमीटर जाड फळीवर चढवून भरा. तुमच्या मापांवरून चारेक लिटर जास्त मावतील. मोजून कळवा.

सांडपाण्याची टाकी पुढच्या आठवड्यात. तिच्या तोटीशी कालपासून एक कुंभारीण घिरट्या घालते आहे. तूर्त भोकात चिंधी कोंबून ठेवली आहे.