हार्मोन चिकित्सा आणि गर्भाशयाचा अंतःस्तर : बीजाबरोबर क्षेत्राचाही विचार

वंध्यत्वासाठी हार्मोनची औषधे घेणाऱ्या स्त्रिया आता केवळ महानगरांतच आढळतात असे नाही. चिखली-खामगाव मार्गावरील अमडापूरसारख्या गावातील दांपत्यही तपासणीसाठी बुलढाणा, अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर येथे जाते. परंतु उपचाराचे बहुतेक दिवस ते गावीच काढते. इंजेक्शन कोठे ठेवावे, गोळीने चक्कर येते तर ती बंद करावी काय, सोबत एखादा काढा घ्यावा काय, हे प्रश्न शेवटी गावातील वैद्यास व औषधविक्रेत्यासच विचारले जातात. त्यांची उत्तरे देण्यासाठी ही औषधे गर्भाशयाच्या अंतःस्तरावर नेमके काय करतात, हे जाणणे अगत्याचे आहे.

सुश्रुताचार्यांनी गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज अशी चार अंगे सांगितली आहेत. आधुनिक उपचारांत बहुतेक औषधे बीजासाठी दिली जातात. पण त्यांचा परिणाम क्षेत्रावरही होतो आणि क्षेत्राचा ऋतूही त्यामुळे पुढेमागे सरकतो. या लेखाचा विषय हाच आहे.

स्वाभाविक चक्रातील अंतःस्तर

रजःस्राव संपतो तेव्हा अंतःस्तर दोन ते चार मिलिमीटर इतकाच उरतो. बीजग्रंथीतील वाढत्या पुटकातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे तो वाढू लागतो व बीजोत्सर्गाच्या सुमारास साधारणतः आठ ते बारा मिलिमीटरपर्यंत पोहोचतो. याच काळात इस्ट्रोजेन आणखी एक काम करते. प्रोजेस्टेरॉनला प्रतिसाद देणारी ग्राहके ते पेशींत निर्माण करते. बीजोत्सर्गानंतर पीतपिंडातून प्रोजेस्टेरॉन स्रवू लागले की वाढ थांबते व परिपाक सुरू होतो. ग्रंथी नागमोडी होतात, त्यांत पोषक स्राव साठतो आणि भोवतालच्या पेशी भ्रूणास सामावून घेण्यास सिद्ध होतात.

भ्रूण रुजू शकेल असा काळ मात्र अल्प असतो. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात तो सुमारे विसाव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंत येतो. ऋतुकाल सरल्यावर योनी सायंकाळच्या कमळाप्रमाणे मिटते, असा दृष्टान्त सुश्रुतसंहितेत आहे. तो बीजग्रहणाच्या काळाविषयी असला तरी क्षेत्राची ग्रहणक्षमता काळाने बांधलेली असते, हे तत्त्व येथेही लागू पडते. यास्तव केवळ जाडी मोजून भागत नाही. अंतःस्तराचे वय आणि भ्रूणाचे वय जुळणे आवश्यक असते.

क्लोमिफीन व लेट्रोझोल

क्लोमिफीन मेंदूतील इस्ट्रोजेन-ग्राहके अडविते. शरीरात इस्ट्रोजेन कमी आहे असे मेंदूस भासते व तो बीजग्रंथीस अधिक चेतना देतो. बीजोत्सर्ग होतो, परंतु हेच औषध गर्भाशयातील ग्राहकेही अडविते. परिणामी काही स्त्रियांत पुटक उत्तम वाढूनही अंतःस्तर सात मिलिमीटरपेक्षा पातळ राहतो आणि गर्भाशयग्रीवेचा स्राव घट्ट होतो. या औषधाचा एक घटक शरीरात अनेक आठवडे टिकतो. म्हणूनच बीजोत्सर्ग होणाऱ्या स्त्रियांच्या मानाने गर्भधारणा होणाऱ्यांची संख्या बरीच कमी दिसते. सोनोग्राफी न करता जुन्याच चिठ्ठीवर महिनोन् महिने क्लोमिफीन देत राहिल्यास बीजाच्या आशेने क्षेत्राची हानी होते.

लेट्रोझोल ग्राहके अडवीत नाही. ते इस्ट्रोजेनची निर्मितीच काही दिवस कमी करते. सुमारे दोन दिवसांत त्याची रक्तातील मात्रा निम्मी होते आणि पाच दिवसांचा क्रम संपल्यावर इस्ट्रोजेन पुन्हा वाढून अंतःस्तरास पोसते. भारतात ऑक्टोबर २०११ मध्ये वंध्यत्वासाठी या औषधाच्या वापरास बंदी घालण्यात आली होती. ती २०१७ मध्ये उठविण्यात आली. दरम्यान २०१४ मध्ये अमेरिकेत बीजग्रंथींत अनेक पुटके असण्याचा विकार, म्हणजे पीसीओएस, असलेल्या ७५० स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिवंत बालकाच्या जन्माचे प्रमाण लेट्रोझोलने २७.५ टक्के, तर क्लोमिफीनने १९.१ टक्के आढळले. आता या विकारात लेट्रोझोलला प्रथम पसंती दिली जाते.

इंजेक्शनांनी अनेक बीजे वाढविली असता

परीक्षानलिका पद्धतीत गोनॅडोट्रॉपिनच्या इंजेक्शनांनी एकाच वेळी अनेक पुटके वाढविली जातात. त्यामुळे इस्ट्रोजेन स्वाभाविक चक्राच्या कितीतरी पट वाढते. येथे अंतःस्तर बहुधा पातळ नसतो, सोनोग्राफीत तो भरघोस दिसतो. दोष असतो तो काळाचा. अनेक पुटकांतून थोडे थोडे प्रोजेस्टेरॉन बीज काढण्यापूर्वीच स्रवू लागते व अंतःस्तराचा परिपाक दोन-तीन दिवस अगोदर होतो. भ्रूण येतो तेव्हा दार मिटू लागलेले असते.

दुसरी अडचण उत्तरार्धात येते. हार्मोनच्या अतिरेकामुळे मेंदूकडून पीतपिंडास मिळणारी चेतना मंदावते आणि पीतपिंड अकाली क्षीण होतो. अंतःस्तर टिकण्यास आवश्यक प्रोजेस्टेरॉन मग बाहेरून द्यावे लागते. हे पूरक औषध नव्हे, आधारच आहे.

कोलकात्याचा धडा आणि मुंबईची साक्ष

क्षेत्र अनुकूल नसेल तर बीज राखून ठेवावे, हा विचार आपल्याच देशात फार पूर्वी झाला. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गोनॅडोट्रॉपिनने बीजे वाढविली, तयार झालेला भ्रूण गोठवून ५३ दिवस ठेवला आणि नंतरच्या चक्रात तो गर्भाशयात सोडला. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कन्या जन्मली. परंतु शासकीय समितीने त्यांचा दावा अमान्य केला आणि १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपविले.

पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून कन्या जन्मली व ती भारतातील पहिली परीक्षानलिका-बालिका मानली गेली. त्याच आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांच्या नोंदी अभ्यासून १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान त्यांना दिला. स्वतःकडे असलेले श्रेय दुसऱ्यास देण्याचे असे उदाहरण वैद्यकात विरळाच.

आज भ्रूण गोठवून पुढील चक्रात सोडणे ही सर्वत्र रूढ पद्धत आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चीनमधील पीसीओएस असलेल्या स्त्रियांवरील मोठ्या चाचणीत गोठविलेल्या भ्रूणाने जिवंत जन्माचे प्रमाण ४९.३ टक्के, तर ताज्या भ्रूणाने ४२ टक्के आले. बीजग्रंथींच्या अतिउत्तेजनाचा धोकाही ७.१ टक्क्यांवरून १.३ टक्क्यांवर उतरला. तथापि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हा विकार नसलेल्या स्त्रियांवरील चाचण्यांत असा लाभ दिसला नाही. सर्वांनाच एक मार्ग लागू नाही, हे यावरून ध्यानात यावे.

गोठविलेल्या भ्रूणासाठी अंतःस्तर सिद्ध करताना पुष्कळदा बीजोत्सर्ग होऊ न देता केवळ इस्ट्रोजेनच्या गोळ्या व नंतर प्रोजेस्टेरॉन दिले जाते. अशा चक्रात पीतपिंड असतच नाही. गर्भाचा सर्व भार औषधांवर असतो. अपरा स्वतः हे कार्य साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात हाती घेते. तोपर्यंत औषध खंडित झाले तर गर्भ गमावण्याचा धोका असतो. अशा गर्भिणींत रक्तदाब वाढण्याचा संभवही अधिक असतो.

आपले कर्तव्य

१. प्रोजेस्टेरॉनने सुस्ती, चक्कर, स्तनांत जडपणा ही लक्षणे येतात. ‘उष्ण पडले’ म्हणून ते बंद करण्याचा सल्ला देऊ नये. थोडा रक्तस्राव झाला तरी औषध चालू ठेवून त्वरित तज्ज्ञास कळवावे.

२. केवळ इस्ट्रोजेन दीर्घकाळ दिल्यास अंतःस्तराची अनिर्बंध वाढ होते. प्रोजेस्टेरॉन न जोडता अशा गोळ्या पुनःपुन्हा देऊ नयेत.

३. बहुतेक गोनॅडोट्रॉपिन इंजेक्शने दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागतात. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात आणि वीज जाणाऱ्या गावी औषधविक्रेत्याने शीतपेटीची व्यवस्था ठेवावी व रुग्णास बर्फाच्या डब्यातून औषध द्यावे. वेष्टनावरील सूचना प्रत्येक वेळी वाचावी. एका नावाच्या औषधाऐवजी दुसरे परस्पर देऊ नये.

४. वमन, विरेचन, बस्ती, उत्तरबस्ती यांचे स्थान हार्मोनचा क्रम सुरू होण्यापूर्वी आहे. औषधे चालू असताना वा भ्रूण सोडल्यानंतर शोधन करू नये. शतावरी, अशोक यांसारखी द्रव्ये द्यावयाची तर उपचार करणाऱ्या तज्ज्ञास कळवूनच द्यावीत.

५. इंजेक्शनांनंतर पोट फुगणे, दम लागणे, लघवी कमी होणे, वजन झपाट्याने वाढणे ही अतिउत्तेजनाची चिन्हे होत. यास उदररोग समजून विरेचक अथवा मूत्रल औषध देणे घातक ठरते, कारण रक्तातील द्रव आधीच कमी झालेला असतो. एका पायास सूज व वेदना असल्यास रक्ताच्या गुठळीची शंका घ्यावी. दोन्ही प्रसंगी रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

अंतःस्तर पातळ आला म्हणून स्त्री वंध्या ठरत नाही. पुष्कळदा तो त्या महिन्यातील औषधाचा परिणाम असतो व औषध बदलल्यास पुढील चक्रात तो सुधारू शकतो. अहवाल हाती घेऊन आलेल्या दांपत्यास एवढे समजावून सांगितले तरी घरातील दोषारोप थांबतात. बीज राखण्याचे तंत्र शहरात आहे. क्षेत्र राखण्याच्या कामात मात्र गावातील वैद्य व औषधविक्रेता यांचा वाटा मोठा आहे.