चौथा पाय

आमच्याकडे येणारा पाहुणा आधी मासे बघतो. एंजलची जोडी, वाळूत तोंड खुपसून बसलेले कोरी, दगडाआड दडलेला प्लेको. मग "किती छान हो!" होतं, चहा होतो. चहा झाला की मी त्याला गुडघ्यावर बसवते आणि टाकीखालची लाकडी बैठक दाखवते. दुकानदार तिला स्टँड म्हणतात, आमचे सुतारमामा घोडी म्हणतात. पाहुणा विनयानं मान डोलावतो आणि पुन्हा माशांकडे वळतो. आता संपादकांनी एवढी पानं दिली आहेत, तर माझं म्हणणं एकदा सविस्तर मांडून घेते.

आधी वजन. माझी टाकी चार बाय दीड बाय दीड फुटांची, म्हणजे नऊ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं. काठाशी दोन इंच रिकामे सोडले आणि वाळूनं व्यापलेली जागा वजा केली, तरी दोनशे लिटरच्या वर पाणी राहतं. १० मिलिमीटर जाडीची काच पन्नास किलोच्या आसपास, वाळू चाळीस-बेचाळीस, वर दगड, झाकण, फिल्टर. बेरीज सव्वातीनशे किलोकडे जाते. म्हणजे पाच धट्टीकट्टी माणसं एकमेकांना चिकटून त्या सहा चौरस फुटांत उभी आहेत, आणि ती कधीच हलणार नाहीत. घराच्या खोल्यांचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरून आखतात. माझ्या टाकीखाली तोच आकडा पावणेसहाशेच्या घरात जातो. भार एवढ्याशाच जागेत आहे, बाकीची खोली मोकळी आहे, म्हणून निभावतं. तरीही टाकी खोलीच्या मध्यात ठेवू नये. भिंतीलगत, शक्यतो खाली तुळई असेल तिथे ठेवावी. त्याहून मोठी टाकी घ्यायची तर आधी इंजिनिअरला विचारावं.

इतिहास सांगायचा म्हणून सांगते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिश हाउस उघडलं, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकानं 'अक्वेरियम' हा शब्द रूढ केला. आपल्याकडे मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मधलं. त्या अंधाऱ्या दालनात बाबांचं बोट धरून मी पहिल्यांदा काचेला नाक लावलं. या सगळ्यातली माझ्या कामाची गोष्ट एकच. जुन्या टाक्यांना धातूची चौकट असायची, ती स्वतःच ताठ. सिलिकॉन आलं तशी काचेला काच चिकटवून चौकटीविना टाकी उभी राहू लागली. दिसायला देखणी, पण ताठपणासाठी खालच्या बैठकीच्या तोंडाकडे बघणारी.

माझी पहिली बैठक तयार मिळालेली, पार्टिकल बोर्डाची. पाणी बदलताना थेंब पडायचे, मी पुसायचे. पावसाळा सरता सरता खालची कड चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगली. दुकानदार म्हणाले, "मॅडम, पाणी कशाला सांडता?" मासे पाळणाऱ्या बाईला हा प्रश्न! मग अँगलची लोखंडी घोडी करून घेतली. आपल्याकडे सर्रास तीच असते आणि वजनाला ती वाईट नाही. पण खाडीकाठची हवा आणि रोजचा ओलावा. तीन वर्षांत सांध्यांवर गंज आला आणि फरशीवर तांबडे डाग. तेव्हा ठरवलं, आता लाकूड.

सुतारमामा मूळचे राजापूरकडचे, वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी नवीन लाकडाला सपशेल नकार दिला. गिरगावातल्या पाडलेल्या चाळीचे सागवानी वासे एका वखारीत होते, तिथे मला घेऊन गेले. खिळ्यांची भोकं, चुन्याचे डाग, एका बाजूला कुणीतरी निळा ऑइलपेंट फासलेला. मामांनी रंध्याचे दोन हात मारले आणि आतून मधासारखा रंग आला. वास तर असा, की दिवसभर वखारीतच बसावं. "हे वहिनी, तुमच्या आजेसासऱ्यांच्या वयाचं. जेवढं वाकायचं तेवढं वाकून झालंय ह्याचं."

यात शास्त्र आहे. ओलं लाकूड वाळताना आक्रसतं, आणि सगळीकडून सारखं आक्रसत नाही. खोडाच्या वर्तुळाला धरून जेवढं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मं केंद्राकडून सालीकडे. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून हिरव्या लाकडाची चौकट वर्षभरात पीळ खाते. जुनं लाकूड ते सगळं करून मोकळं झालेलं असतं.

सागाबद्दल बोलायला लागले की मला थांबवावं लागतं. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली, आणि ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. ओकच्या लाकडातले लोखंडी खिळे लवकर सडतात, सागात टिकतात. जे लाकूड दोनशे वर्षं समुद्र बाहेर ठेवतं, त्याला माझे दोनशे लिटर काय जड!

खरं तर वजन ही घोडीची मोठी अडचण नव्हेच. तीन बाय दोन इंचांच्या पायावर माझ्या टाकीचा पाव हिस्सा, ऐंशी किलोंचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो. उभ्या धाग्यावर सागवान त्याच्या कितीतरी पट पेलतं. काळजी तीन गोष्टींची: वरची पट्टी मधे लवणं, सगळी घोडी एका बाजूला कलणं आणि चौथा पाय.

लवण्यावरचा उपाय फुकट आहे. चार बाय दोनची पट्टी आडवी न टाकता धारेवर उभी ठेवायची. लाकूड तेवढंच, ताठपणा चौपट. माझ्या हिशेबानं चार फुटांच्या अंतरात आडवी पट्टी साडेतीन मिलिमीटर लवली असती. उभी एका मिलिमीटरच्याही आत राहते. आणि ही पट्टी पायाच्या डोक्यावर टेकली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ती पायाच्या बगलेला स्क्रूनं लटकवलेली दिसते. म्हणजे सव्वातीनशे किलो आठ-दहा स्क्रूंच्या भरवशावर! मामांनी पायाच्या डोक्यावर कुसू काढलं, पट्टीत पटाशीनं भोक पाडलं आणि फेविकॉल लावून ठोकून बसवलं. "स्क्रू धरायला. पेलायचं लाकडानं."

कलण्याची परीक्षा टाकी ठेवण्याआधी घ्यायची. रिकाम्या घोडीच्या वरच्या कोपऱ्याला लांबीच्या दिशेनं तळहातानं ढकलायचं. लचकली तर तिच्यावर काचेचं भांडंसुद्धा ठेवू नका. चार पाय आणि आडव्या पट्ट्या यांचा चौकोन होतो, आणि चौकोन ढकलला की तिरपा होतो. त्रिकोण होत नाही. मामा मागच्या बाजूला तिरकी कैची मारणार होते. मी १२ मिलिमीटरचं मरीन प्लाय पूर्ण पाठीला लावून घेतलं, दर सहा इंचांवर स्क्रू. नळ्यांसाठी दोन भोकं तेवढी पाडली. ते लावण्याआधी घोडी बैलगाडीसारखी करकरत होती. लावल्यावर मी आणि मुलगा दोघांनी ढकललं, ती जागची हलली नाही. पुढची शटरं या कामी निरुपयोगी. ती बिजागरीवर लोंबतात, उलट घोडीकडूनच आधार घेतात.

आणि आता चौथा पाय, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. तीन पायांचं स्टूल कुठल्याही फरशीवर डुगडुगत नाही. तीन टोकं नेहमी एका पातळीत असतात, चौथं असेलच असं नाही. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत फरशी मोरीकडे उतरती आहे, आणि तो उतारही सरळ नाही. पाणसळ ठेवली तर डावीकडचा मागचा पाय फरशीपासून दोन सूत वर. रिकाम्या घोडीला हे चालतं. भरलेली टाकी मात्र तो पाय जबरदस्तीनं खाली टेकवते, घोडी पीळ खाते आणि तोच पीळ काचेच्या तळाला देते. काच वाकायला तयार नसते. मग कधी तरी रात्री सिलिकॉनचा सांधा सुटतो किंवा तळाला तडा जातो, आणि लोक म्हणतात, काच खराब निघाली.

पाचर मारायची ती पाय आणि फरशी यांच्यामध्ये. टाकी आणि घोडी यांच्यामध्ये कधीही नाही, कारण तिथे सगळं वजन काचेच्या एका ठिपक्यावर येतं. पाचर ओल्यानं न कुजणारी हवी, जाड प्लास्टिकची किंवा सागाचीच. टाकीखाली थर्माकोलचा पातळ थर घालतात, तो वाळूचा एखादा खडा किंवा पॉलिशचा उंचवटा पोटात घेतो. २०१८ च्या बंदीनंतर आमच्या गणपतीच्या मखरातून निवृत्त झालेला एक तुकडा या कामी आला. पण घोडीचा पीळ थर्माकोल झाकत नाही, नुसता आपल्या डोळ्यांना दिसू देत नाही.

मी एक पाव टाकी भरली आणि थांबले. दोन्ही टोकांना तळापासून पाण्यापर्यंत पट्टीनं मोजलं. पाण्याहून चांगली पाणसळ कुठली? डावीकडे एक सूत जास्त भरलं. पाणी उपसलं, पाचर थोडी आत सारली, पुन्हा भरलं. असं तीनदा. घरातले जेवून झोपले. चौथ्या वेळेला दोन्ही आकडे सारखे आले, तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते.

पॉलिशबद्दल एवढंच, की पायांच्या तळव्यांना विसरू नका. कापलेल्या टोकातून लाकूड स्ट्रॉनं प्यावं तसं पाणी ओढतं. तिथे वॉर्निशचे तीन हात हवेत, खाली रबराची चकती. वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब सॉकेटमध्ये न जाता खालीच गळतो.

श्रावणात शटर अडकू लागलं. जुनं लाकूडसुद्धा दमट हवेत थोडं फुगतंच. मी रंधा मारायला मामांना फोन केला. "हात लावू नका, वहिनी. आता घासलंत तर उन्हाळ्यात फट पडंल. दिवाळीला आपसूक सुटंल." आज वसुबारस. मघाशी माशांना खाणं घालताना ओढून पाहिलं, वरचा कोपरा अजून किंचित घासतोय.