जहाजाच्या पोटातले मुसाफिर

आपल्या गावाच्या नावातच 'नाका' आहे. नाका म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची चौकशी करण्याची जागा. हिंगोली-वाशीम रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक जातात. ट्रकमध्ये कोणता माल आहे, तो कुठून आला, कुठे चालला, हे सारे कागदावर लिहिलेले असते. पण ट्रकच्या चाकांना चिकटलेल्या चिखलात काय आहे, हे कोणी विचारत नाही. त्या चिखलात गाजर गवताचे बी असू शकते. हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात दिसले. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे मानतात. आज ते आपल्या बांधावरही आहे, आणि ते उपटून उपटून शेतकऱ्याचे हात खाजतात.

जमिनीवर गाजर गवताने जे केले, तेच समुद्रात काही प्राण्यांनी केले आहे. गवत निदान डोळ्यांना दिसते. समुद्राच्या तळाशी काय चालले आहे, ते कोणाला दिसते?

इथे एका शब्दाची गंमत सांगतो. उर्दूत आपण नदीला दरिया म्हणतो. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र! शब्द एकच, पण दोन भाषांत त्याचे अर्थ वेगळे. जहाज, बंदर, खलाशी हे शब्द मात्र तुम्हांला जसे ठाऊक आहेत, तसेच मराठीत आहेत. त्यामुळे हा धडा तुम्हांला अवघड जाऊ नये.

आता जहाजाकडे वळू. मालाने भरलेले जहाज पाण्यात खोल बसते आणि स्थिर राहते. रिकामे जहाज वर येते, लाटांवर डोलते, उलटण्याची भीती असते. म्हणून रिकाम्या जहाजाच्या तळाशी असलेल्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेतात. या पाण्याला बॅलास्ट पाणी म्हणतात. गोव्याच्या मुरगाव बंदरातून वर्षानुवर्षे लोहखनिज परदेशी गेले. ते न्यायला येणारे जहाज रिकामे असले, तर परक्या बंदराचे पाणी पोटात घेऊन येई. इथे खनिज भरताना ते पाणी बाहेर सोडून दिले जाई. मोठ्या जहाजातून असे हजारो टन पाणी सुटते. त्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती असतात, अंडी असतात, शिंपल्यांची आणि खेकड्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले असतात. त्यांच्याजवळ ना तिकीट, ना परवाना. शिवाय जहाजाच्या तळाला बाहेरून चिकटून येणारे मुसाफिर वेगळेच.

असाच एक मुसाफिर मुंबईला येऊन राहिला. तो म्हणजे काळ्या पट्ट्यांचा एक लहान शिंपला. त्याचे शास्त्रीय नाव मायटिलॉप्सिस सॅलेई. आकाराने तो जेमतेम अडीच सेंटिमीटर. त्याचे मूळ घर अटलांटिक महासागराच्या पलीकडे, कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोच्या आखाताकडे. भारतात तो प्रथम १९६७ मध्ये विशाखापट्टणम बंदरात आढळला. पुढे काही वर्षांत मुंबईच्या नौदल गोदीतही दिसला. १९७५ मध्ये त्याच्याविषयी एक शास्त्रीय लेख प्रसिद्ध झाला. त्या लेखाच्या शीर्षकातच त्याला भारतीय बंदरांतला नवा स्थलांतरित म्हटले होते.

एवढासा जीव काय बिघडवणार, असे वाटेल. पण हा शिंपला साधारण महिनाभरात वयात येतो आणि पिल्ले सोडू लागतो. खारट, मचूळ आणि जवळजवळ गोडे पाणीही तो सोसतो. तो चिवट धाग्यांनी लाकूड, लोखंड, दगड अशा कशालाही चिकटतो. मग एका शिंपल्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे थर चढतात. पाण्याचे नळ तुंबतात, जहाजाचा तळ खडबडीत होऊन इंधन जास्त लागते. आधीपासून तिथे राहणाऱ्या जीवांना तर बसायला जागाच उरत नाही. जागा गेली की त्यांचे अन्नही जाते.

परका जीव म्हणजे वाईट, असे मात्र मुळीच समजू नका. मिरची आणि बटाटा हेही जहाजांतूनच समुद्र ओलांडून आपल्याकडे आले, आणि आज मिरचीशिवाय आपली भाकरी घशाखाली उतरत नाही. बाहेरून आलेले बहुतेक जीव नव्या ठिकाणी टिकतही नाहीत. थोडेच टिकतात, आणि त्यांतलेही थोडेच इतरांच्या जागेवर कबजा करतात. शास्त्रज्ञ अशा जीवांनाच आक्रमक प्रजाती म्हणतात.

एकदा बस्तान बसले की त्यांना हाकलणे जवळजवळ अशक्य असते. ऑस्ट्रेलियातील डार्विन शहराची हकिकत यासाठी वाचण्यासारखी आहे. तिथल्या नौकांच्या धक्क्यांची १९९८ मध्ये पाहणी झाली होती, तेव्हा हा शिंपला तिथे नव्हता. मार्च १९९९ मध्ये पाहिले, तर एका चौरस मीटरमध्ये दहा हजारांहून अधिक शिंपले! सरकारने धक्के बंद केले आणि पाण्यात क्लोरीन व मोरचूद मिसळले. शिंपले मेले, आणि त्यांच्याबरोबर त्या पाण्यातले बाकीचे जीवही मेले. वीस लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाले. हा उपाय साधला, कारण त्या धक्क्यांना समुद्रापासून वेगळे करणारे दरवाजे होते आणि पाहुण्याची ओळख काही महिन्यांतच पटली. मुंबईच्या बंदराला असा दरवाजा कुठून लावणार?

तेव्हा सगळा भार ओळख वेळेवर पटण्यावर येतो. त्यासाठी आपल्या समुद्रतळाशी कोण कोण राहते, याची यादी आधी हवी. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १९६६ मध्ये झाली. तेथील डॉ. ए. सी. अनिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदरांतील अशा परक्या जीवांचा अनेक वर्षे अभ्यास केला. २००० साली सुरू झालेल्या एका आंतरराष्ट्रीय योजनेत जगातील सहा बंदरे निवडली होती. त्यांत मुंबई होते. मग मुंबई बंदराची तपासणी झाली. लोखंडी जबड्यासारखे यंत्र सोडून तळाचा गाळ वर काढायचा, तो बारीक छिद्रांच्या चाळणीतून धुवायचा आणि चाळणीत राहिलेला एकेक किडा, एकेक शिंपला भिंगाखाली पाहायचा, असे हे काम. हात चिखलाने भरतात, पाठ दुखते, आणि कधी कधी दिवसभर नवे काहीच सापडत नाही.

भिंगालाही मर्यादा आहेत. निरनिराळ्या शिंपल्यांची पिल्ले एकसारखी दिसतात. मोठे झाल्यावरही काही शिंपले सख्ख्या भावांसारखे असतात. इथे डीएनए मदतीला येतो. प्रत्येक जीवाच्या पेशीत डीएनए असतो. तो चार अक्षरांत लिहिलेल्या लांबलचक मजकुरासारखा आहे असे समजा. प्राण्यांच्या बाबतीत त्या मजकुराचा सुमारे ६५० अक्षरांचा एक ठरावीक तुकडा वाचतात. प्रत्येक प्रजातीत हा तुकडा थोडा वेगळा असतो, त्यामुळे दुकानातल्या वस्तूवरच्या पट्ट्यांच्या खुणेसारखा त्याचा उपयोग होतो. कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ही कल्पना मांडली. आता तर नुसते घागरभर पाणी गाळून, त्यात पडलेल्या खवल्यांच्या व चिकट द्रवाच्या डीएनएवरूनही कोण येऊन गेले ते कळू शकते. अर्थात तुलनेसाठी यादी तयार असेल तरच! ओळखीचा डीएनए नोंदलेला नसेल, तर यंत्राने वाचलेली अक्षरे नुसती अक्षरेच राहतात.

केरळमधील अष्टमुडी सरोवरात तिसऱ्या काढून अनेक कुटुंबे पोट भरतात. तिथे एक नवा शिंपला झपाट्याने वाढू लागला. तो मूळचा दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यांवरचा मायटेला स्ट्रायगाटा आहे, हे संशोधकांनी २०१९ मध्ये जाहीर केले. त्यासाठी त्यांनी शिंपल्याची रचना पाहिली आणि डीएनएही तपासला. पण तोवर त्याने सरोवरात चांगलेच पाय रोवले होते.

जहाजांच्या पाण्यावर आता नियम आहेत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००४ मध्ये करार केला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून तो अमलात आला. त्यानुसार पाण्यावर प्रक्रिया करावी लागते. बाहेर सोडलेल्या एक घनमीटर पाण्यात ५० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी असले पाहिजेत. पण हा करार जहाजाच्या पोटातल्या पाण्यापुरता आहे. तळाला बाहेरून चिकटून येणाऱ्या जीवांसाठी त्याच संघटनेने २०११ मध्ये सूचना दिल्या. त्या नुसत्या सूचना आहेत, पाळाव्यात अशी सक्ती नाही. डार्विनमध्ये तो पट्ट्यांचा शिंपला बहुधा एखाद्या नौकेच्या तळाला चिकटूनच आला होता, ट्रकच्या चाकाला चिकटलेल्या चिखलासारखा.