पूर्ण सहकार्य

१७ जुलै २०१९. द हेगमधल्या पीस पॅलेसच्या फाटकाबाहेर आपल्याकडच्या वाहिन्यांचे कॅमेरे सकाळपासून लागले होते. कुलभूषण जाधवांच्या खटल्याचा निकाल होता. फाशीच्या शिक्षेचा पाकिस्तानने फेरविचार करावा, जाधवांना भारतीय वकिलातीची भेट मिळावी, असं न्यायालयाने सांगितलं आणि फाटकाबाहेर एकदम हलकं वाटलं. एक रुपया मानधनावर हा खटला उभा करणारे हरीश साळवे आपल्या नागपूरचे, त्यामुळे मराठी घरांत त्या दिवशी द हेग हे नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. मला मात्र संपादकांनी निकालासाठी पाठवलं नव्हतं. ‘त्या गावात कोर्टं किती आहेत ते बघ, आणि त्यातलं एखादं नीट समजून घे,’ एवढंच त्यांचं म्हणणं.

संध्याकाळी मी चालत निघाले. अर्ध्या तासाच्या आत चर्चिलप्लाइन नावाच्या चौकात पोहोचले. तिथे विटांची एक जुनी इमारत आहे, मूळची एका विमा कंपनीची. समोर कारंज्याचं तळं. पीस पॅलेसमध्ये देश देशावर दावा लावतो. इथे माणसांवर खटले चालले. युगोस्लाव्हिया फुटताना झालेल्या कत्तलींसाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने मे १९९३ मध्ये हे न्यायाधिकरण नेमलं. १६१ जणांवर आरोप ठेवले आणि त्यातला एकही शेवटी फरार राहिला नाही. २०१७ च्या ३१ डिसेंबरला ते बंद झालं. मी गेले तेव्हा उरलंसुरलं काम निपटणारी छोटी यंत्रणा त्या इमारतीत होती.

१६१ पैकी एकही फरार नाही, या आकड्याने मला तिथे थांबवलं. आमचे काका बरीच वर्षं जिल्हा न्यायालयात सरकारी वकील होते. त्यांच्या ओसरीवर सकाळी साडेनऊला पैरवी हवालदार यायचा. खाकी पिशवीत वही, वहीत त्या दिवशीच्या साक्षीदारांची नावं. कोण आला, कोणाला समन्स पोचलं नाही, पंच फितूर होणार की टिकणार, हे सगळं त्याला तोंडपाठ. एखादा आरोपी तारखेला आला नाही, तर कोर्टातून वॉरंट निघायचं आणि हवालदार संबंधित ठाण्याला फोन लावायचा. ‘हा माणूस नसेल तर माझा कायदा कपाटात राहील,’ असं काका म्हणायचे, आणि त्याला बसायला स्वतःची खुर्ची द्यायचे.

चर्चिलप्लाइनच्या सरकारी वकिलाकडे असा हवालदार नव्हता. ठाणं नव्हतं. मुळात पाठीशी सरकारच नव्हतं. ज्या देशातला आरोपी हवा, त्याच देशाच्या सरकारला पत्र लिहून ‘तुमचा सेनापती आम्हाला द्या’ म्हणायचं. सरकार म्हणणार, तो कुठे आहे आम्हाला ठाऊक नाही. मग अभियोक्त्याच्या कार्यालयात पैरवीचं काम करायचं कोणी? ते करणाऱ्यांना तिथे सल्लागार म्हणत. त्यात राजनैतिक अधिकारी असत, पत्रकार असत, वकीलही असत. ते राजधान्यांत जात, मंत्र्यांना भेटत, गुप्तचर प्रमुखांसमोर बसत आणि रिकाम्या हाताने परत येऊन पुन्हा पत्र लिहीत. १९९९ ते २००७ या काळात कार्ला देल पॉन्ते मुख्य अभियोक्ता होत्या, मूळच्या स्वित्झर्लंडच्या सरकारी वकील. त्यांचे राजकीय सल्लागार जाँ-दानिएल रुश हे स्विस परराष्ट्र खात्यातले. पुढे ते सर्बिया, इस्रायल आणि तुर्कीत राजदूत झाले. न्यायालयाच्या अधिकृत इतिहासात या लोकांना पान मिळत नाही. निकाल न्यायाधीशांच्या नावावर आणि खटला अभियोक्त्याच्या नावावर असतो.

या लोकांच्या हातात हत्यार कोणतं होतं, याचा मी पुढे बरेच दिवस शोध घेतला. सापडलं ते एक विशेषण.

मार्च २००४ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव केला की अभियोक्त्याने दर सहा महिन्यांनी कामाचा अहवाल द्यावा. त्या अहवालात कोणता देश किती सहकार्य करतो, याचा परिच्छेद असायचा. सहकार्य ‘होत आहे’ की ‘सुधारत आहे’ की ‘पूर्ण आहे’, यातला फरक एका शब्दाचा. युरोपीय संघाने मात्र त्या शब्दाला दाराची कडी करून टाकलं. क्रोएशियाला संघात यायचं असेल, तर अभियोक्त्याने ‘पूर्ण सहकार्य’ असं लिहून द्यायला हवं. ज्या कार्यालयाकडे एकही बेडी नव्हती, त्याच्या मसुद्यातल्या एका शब्दावर अख्ख्या देशाचं भवितव्य अडकलं.

अडकवणारा माणूस होता जनरल आन्ते गोतोविना. १९९५ च्या ऑगस्टमध्ये क्रोएशियन सैन्याने क्रायिना हा सर्बबहुल टापू परत घेतला आणि दीड लाखाहून अधिक सर्ब घरंदारं टाकून पळाले. (याच टापूच्या रक्षणासाठी १९९२ मध्ये राष्ट्रसंघाची जी शांतिसेना उतरली, तिचे पहिले प्रमुख मराठा लाइट इन्फंट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते.) त्या मोहिमेतल्या अत्याचारांबद्दल गोतोविनावर २००१ मध्ये आरोप ठेवले गेले आणि तो गायब झाला. मायदेशात त्याची भित्तिचित्रं लागली. कोणतं सरकार त्याला धरून देणार?

क्रोएशियाशी प्रवेशाची बोलणी १७ मार्च २००५ ला सुरू व्हायची होती. देल पॉन्ते ‘पूर्ण’ हा शब्द द्यायला तयार झाल्या नाहीत. आदल्या दिवशी बोलणी लांबणीवर पडली. त्यानंतरचे सहा महिने मला या सगळ्या कहाणीत सर्वांत अवघड वाटतात. राजधानी झाग्रेबचे लोक विचारत, आणखी काय करू? द हेगचे सल्लागार विचारत, फोनच्या नोंदी कुठे आहेत, पैसा कोण पुरवतो, पासपोर्ट कोणी दिला? सप्टेंबरमध्ये देल पॉन्तेंनी उघड सांगितलं की गोतोविना क्रोएशियातल्या एका फ्रान्सिस्कन मठात लपलाय आणि व्हॅटिकन मदत करत नाही. जगभर गदारोळ झाला. महिनाअखेरीस झाग्रेबला जाऊनही त्यांनी निराशाच बोलून दाखवली. आणि ३ ऑक्टोबरला लक्झेंबर्गमध्ये युरोपच्या मंत्र्यांसमोर त्यांनी तो शब्द दिला: पूर्ण सहकार्य. बोलणी त्याच रात्री सुरू झाली.

आरोपी हातात नसताना शब्द दिल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. ७ डिसेंबरला स्पेनच्या तेनेरिफे बेटावर एका हॉटेलात जेवत असताना गोतोविना पकडला गेला. मठात तो नव्हताच. चूक आणि यश अशी एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी लागलेली. २०११ मध्ये त्याला २४ वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये अपील खंडपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी ती रद्द केली आणि तो विमानाने घरी गेला. ज्यांनी चार वर्षं त्याच्या मागावर पत्रं लिहिली, त्यांनी तो दिवस कसा काढला असेल? पण पैरवीचं काम माणूस कोर्टापुढे उभा करेपर्यंत. पुढे काय करायचं ते कोर्टाचं. काकांच्या हवालदाराला हे उमजलेलं होतं. निर्दोष सुटलेल्या आरोपीला तो दारापर्यंत सोडायला जायचा.

आता त्या तळ्याकडे परत येते, कारण तिथे जे घडलं ते माझ्या मनातून जात नाही.

देल पॉन्तेंच्या प्रवक्त्या आणि बाल्कनविषयक सल्लागार होत्या फ्लोरान्स हार्टमन. आधी त्या फ्रान्सच्या ‘ल मोंद’च्या बाल्कनमधल्या वार्ताहर. क्रोएशियातल्या वुकोव्हारच्या इस्पितळातून नेलेल्या लोकांना ओव्हचाराच्या शेतात मारून पुरलं होतं. त्या सामूहिक कबरीचा माग काढणाऱ्यांत त्या अगदी पहिल्यांपैकी. सर्बियाचा नेता स्लोबोदान मिलोशेविच याचं चरित्र त्यांनी लिहिलं होतं. २००० मध्ये त्या कार्यालयात आल्या आणि २००६ मध्ये बाहेर पडल्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मिलोशेविच न्यायाधिकरणाच्या कोठडीत मेला होता, निकालाविना.

मिलोशेविचच्या खटल्यात सर्बियाने आपल्या सर्वोच्च संरक्षण मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं दिली होती, पण काही भाग गुप्त ठेवण्याच्या अटीवर, आणि न्यायाधीशांनी ती अट मान्य केली होती. तेव्हा पीस पॅलेसमध्ये बोस्नियाचा सर्बियाविरुद्ध वंशसंहाराचा दावा चालू होता. अर्ध्या तासाच्या अंतरावर दोन न्यायालयं. एकाच्या कपाटातले कागद दुसऱ्यासमोर उघडे झाले नाहीत. फेब्रुवारी २००७ मध्ये पीस पॅलेसने निकाल दिला: बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात वंशसंहार झाला, सर्बियाने तो रोखला नाही, पण तो सर्बियाने केला असं सिद्ध होत नाही. त्याच वर्षी हार्टमनबाईंचं पुस्तक आलं आणि त्यात गुप्ततेच्या त्या आदेशांची माहिती होती. न्यायाधिकरणाने त्यांच्यावरच अवमानाचा खटला भरला. २००९ मध्ये सात हजार युरोंचा दंड झाला, पुढे त्याची सात दिवसांची कैद झाली. फ्रान्सने त्यांना सोपवायला नकार दिला.

२४ मार्च २०१६ ला बोस्नियातल्या सर्बांचा नेता रादोवान काराजिच याला शिक्षा सुनावली जाणार होती. स्रेब्रेनित्साच्या आया बसने आल्या होत्या. हार्टमन त्यांच्यात उभ्या होत्या, त्याच इमारतीबाहेर. राष्ट्रसंघाच्या सुरक्षारक्षकांनी त्यांना तिथून ओढून आत नेलं. आत काराजिचला ४० वर्षांची शिक्षा झाली. हार्टमनना स्खेव्हेनिंगनच्या ज्या तुरुंगात ठेवलं, तिथेच त्या सर्बांचा सेनापती म्लादिच होता, काराजिचही होता. त्या पाच दिवसांनी सुटल्या.

गुप्ततेची बाजू मला समजते. देश कागद देतात ते विश्वासावर. तो मोडला तर पुढचा कागद मिळत नाही, आणि सल्लागाराची सगळी पुंजी म्हणजे हा विश्वास. शपथ घेतलेल्या माणसाने ती पाळायला हवी. पण कबरींचा माग काढणाऱ्या बाईला त्या आयांच्या डोळ्यांदेखत ओढत नेणं मला आजही सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाळूच्या टेकड्यांच्या कडेला असलेल्या नव्या, काचेच्या इमारतींकडे गेले. हे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, कायमस्वरूपी. त्याचा करार रोममध्ये १७ जुलै १९९८ लाच मंजूर झाला. भारत मतदानात तटस्थ राहिला आणि आजही सदस्य नाही. त्या करारातला नववा भाग सहकार्याचा: देशांनी माणसं कशी द्यायची, कागद कसे द्यायचे. रोममध्ये त्या भागाच्या वाटाघाटी सांभाळणारे होते लेसोथो या चिमुकल्या देशाचे फाकिसो मोचोचोको. पुढे तेच अभियोक्ता फातू बेन्सुदा यांच्या कार्यालयात सहकार्याचा विभाग बघत होते. स्वतः घडवलेला कायदा पत्रापत्राने राबवायचं काम.

इथे युरोपीय संघाची कडी नव्हती. सुदानचे अध्यक्ष ओमर अल बशीर यांच्यावर दारफुरमधल्या अत्याचारांसाठी मार्च २००९ मध्ये वॉरंट निघालं, आणि बशीर हिंडत राहिले. जून २०१५ मध्ये जोहान्सबर्गला गेले आणि तिथलं न्यायालय अडवत असताना निघून गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आफ्रिका परिषदेसाठी आपल्या दिल्लीत आले. त्याआधीच, डिसेंबर २०१४ मध्ये बेन्सुदांनी सुरक्षा परिषदेला स्पष्ट सांगितलं की दारफुरचा तपास आपण थंड ठेवत आहोत, कारण परिषद काहीच करत नाही. तरी दर सहा महिन्यांचा अहवाल जात राहिला.

९ जून २०२० ला त्यातून काहीतरी हाती लागलं. दारफुरचा एक टोळीप्रमुख, अली कुशाईब नावाने ओळखला जाणारा, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात शरण आला आणि द हेगला पोहोचला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो दोषी ठरला. पण त्याच्या शरणागतीनंतर दोनच दिवसांनी अमेरिकेच्या अध्यक्षांनी न्यायालयाच्या लोकांवर निर्बंध घालता येतील असा आदेश काढला. अफगाणिस्तानचा तपास सुरू करायला मार्चमध्ये मिळालेली परवानगी हे त्याचं कारण. त्यात अमेरिकी सैनिकही येऊ शकत होते. २ सप्टेंबरला निर्बंधांच्या यादीत दोन नावं आली. पहिलं बेन्सुदांचं, दुसरं मोचोचोकोंचं. अशा याद्यांत एरवी दहशतवादी आणि अमली पदार्थांचे व्यापारी असतात. अमेरिकेतली मालमत्ता गोठते, आणि तिथला कोणीही अशा माणसाशी व्यवहार करू शकत नाही.

ती नावं २ एप्रिल २०२१ ला काढली गेली. २०२५ मध्ये नव्या आदेशाने नवी नावं चढली: अभियोक्ता, मग न्यायाधीश, मग उपअभियोक्ते. पण २०२० ची ती घोषणा मी जपून ठेवली आहे. मोचोचोकोंच्या नावापुढे कारण एका ओळीत आहे: त्यांनी अभियोक्त्यांना भरीव साहाय्य केलं.