‘आवडत नाही’ आणि ‘सोसत नाही’ : परदेशस्थ घरातील सुगंधाचा प्रश्न

‘सुगंध’ हा शब्दच प्रशंसेचा आहे. ‘सु’ ह्या उपसर्गाने त्याचा निवाडा आधीच झालेला असतो. त्यामुळे सुगंधाने एखाद्याचा दमा उसळतो वा डोके दुखू लागते, हे मराठी घरात पटवून देणे कठीण जाते. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे शनिवार पेठेतून आईवडील राहावयास जातात, तेव्हा ही अडचण विशेष जाणवते.

तिचे पहिले कारण वास्तूत आहे. पेठेतील जुन्या वाड्याचा चौक वर उघडा असे. धूप-उदबत्तीचा धूर तेथून निघून जाई. थंड देशांतील घरे हिवाळ्यात ऊब राखण्यासाठी बंद ठेवावी लागतात. तेथे तोच धूर कोंडून राहतो आणि त्यातील सूक्ष्म कण श्वासमार्गाचा दाह करतात. त्वचेवर पुरळ उठण्याची प्रक्रिया निराळी आहे. साबण-अत्तरांतील लिमोनीन, लिनालूल ही द्रव्ये हवेच्या संपर्काने बदलून ॲलर्जीकारक होतात. युरोपीय संघाने २००३ साली अशा २६ सुगंधद्रव्यांची नावे प्रसाधनांच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. २०२३ च्या नियमाने ही संख्या ८० च्या वर गेली.

दुसरे कारण भाषेत आहे. ‘मला उदबत्ती सहन होत नाही’ हे वाक्य ऐकणारा त्याचा अर्थ ‘आवडत नाही’ असा घेतो, आणि वडीलधाऱ्यांस त्यात श्रद्धेचा अवमान दिसतो. वस्तुतः अन्नपाण्याच्या बाबतीत मराठी हा भेद नेमका करते : ‘मला दही आवडते, पण बाधते’, ‘गार पाणी तिला सोसत नाही’, ‘ही हवा त्याला मानवत नाही’. ‘आवडणे’ आणि ‘सोसणे’ ह्या दोहोंच्या वाक्यरचनेत अनुभव घेणारी व्यक्ती ‘ला’ प्रत्ययानेच येते. तथापि पहिले क्रियापद मनाची रुची सांगते, दुसरे देहाची मर्यादा. दही वर्ज्य करणाऱ्यास कोणी दोष देत नाही. ‘उदबत्ती आवडते, पण सोसत नाही’ असे म्हटल्यास तोच न्याय सुगंधासही लागू होतो.

पूजाविधीतही ह्यास वाव आहे. पंचोपचारांत गंध, पुष्प, धूप, दीप व नैवेद्य येतात. परंतु जो उपचार करता येत नाही, त्याच्या जागी अक्षता वाहण्याची रूढी आहे. धुपाऐवजी अक्षता वाहिल्याने पूजा अपुरी राहत नाही, आणि घरातील आजारी माणसाचा श्वासही मोकळा राहतो.