बारशाच्या आदल्या रात्री जुना कर्नल

आमची आत्या हैदराबादला आबिड्समध्ये राहते. सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिद नावाच्या आर्मेनियन गृहस्थाचं इथे दुकान होतं, त्यावरून हे नाव पडलं. रविवारी फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. नांदेडहून मी येतो तो त्या बाजारासाठीच, असं आत्याचं ठाम मत! या खेपेला मात्र बोलावणं संगणकासाठी होतं. रविवारी सकाळी मेलबर्नला नातीचं बारसं, आणि शुक्रवारपासून वायफाय बंद.

"फोनच्या एवढ्याशा काचेत मला काय दिसणार रे? एका डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय अजून," आत्या म्हणाली.

तिच्या संगणकावर उबुंटू 22.04 मीच बसवलं होतं. 2022 मध्ये ते आलं तेव्हा त्यात 5.15 हा कर्नल होता. कर्नल म्हणजे यंत्राचे सुटे भाग आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये फिनलंडमध्ये त्याची सुरुवात केली. नव्या अपडेटबरोबर आत्याकडे 6.8 आला. वायफाय कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमधला नव्हे, वेगळा बसवलेला. असा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार करावा लागतो, आणि नेमका तिथेच तो अडला.

एरवी संगणक सुरू होताना यादीतून आधीचा कर्नल निवडला की भागतं. पण अपडेटनंतर डिस्कवर जागा करायला मीच फोनवरून सांगितलं होतं, त्यात जुना गेला. आणि नेटच नाही, तर आणणार कुठून?

शनिवारी रात्री शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर उबुंटूच्या भांडारातून 5.15 ची पाकिटं उतरवली: इमेज, मॉड्यूल्स, मॉड्यूल्स-एक्स्ट्रा आणि हेडर्सची दोन. पाचही एकाच क्रमांकाची हवीत. माझं एक हेडर्सचं पाकीट राहिलं आणि जिना पुन्हा चढावा लागला. हेडर्स नसतील तर तो वेगळा ड्रायव्हर तयारच होत नाही. वायफायचे बरेचसे ड्रायव्हर एक्स्ट्रामध्ये असतात, म्हणून तेही विसरू नये. पेनड्राईव्हवरून सगळी एका फोल्डरमध्ये टाकली, 'डीपीकेजी' ही आज्ञा दिली आणि पडद्यावर ओळी सरकू लागल्या. आत्या मागे उभी. "बिघडलं का काय?" दर दोन मिनिटांनी.

संगणक पुन्हा सुरू करताना शिफ्ट दाबून धरली, 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 5.15 निवडला. कोपऱ्यात वायफायची खूण उमटली तेव्हा पावणेबारा झाले होते.

आता एक इशारा. जुना म्हणून कुठलाही कर्नल उचलू नका. त्यातली सुरक्षेची भोकं उघडी राहतात. ज्या मालिकेला दुरुस्त्या मिळत राहतात तीच घ्यावी, आणि त्यातलाही शेवटचा क्रमांक. नेट आल्यावर मी मूळच्या 5.15 मालिकेचं मुख्य पाकीट बसवलं, 6.8 कडे नेणारं काढलं. म्हणजे यापुढच्या दुरुस्त्या 5.15 च्याच येतील.

सकाळी साडेनऊला पडद्यावर पाळणा दिसला. आत्याने खुर्ची इतकी पुढे ओढली, की आम्हाला तिचा अंबाडाच दिसत होता. कानात नाव सांगितलं गेलं ते काही ऐकू आलं नाही. स्पीकरची वायर मी रात्री काढून ठेवली होती.