समुद्रातील मासळीची स्निग्धता

जवाहरनगरच्या वसाहतीत नाना प्रांतांची कुटुंबे राहतात. तेथल्या एका मुलाने वर्गात विचारले, ‘समुद्रातील मासे खाल्ल्याने बुद्धी वाढते, हे खरे काय?’ गुरुजींनी तो प्रश्न आमच्याकडे धाडला. आपला जिल्हा तलावांचा. समुद्र शेकडो मैल दूर. तथापि आठवडी बाजारात सुके बोंबील येतात, तेव्हा प्रश्न टाळण्याजोगा नाही.

स्निग्ध पदार्थांचा मुख्य घटक म्हणजे मेदाम्ले. ही कर्बाच्या अणूंची साखळी होय. साखळीत दुहेरी बंध नसले तर ती सरळ राहते व तेल लवकर थिजते. बंध असले तर ती वाकते व तेल पातळ राहते. थंडीत खोबरेल व जवसाचे तेल दोन बाटल्यांतून रात्रभर ओट्यावर ठेवावे. सकाळी खोबरेल गोठलेले दिसेल, जवसाचे वाहते. मुलांना याहून अधिक सांगावे लागत नाही.

समुद्रातील मासळीत अशी दोन विशेष मेदाम्ले असतात. ‘ईपीए’मध्ये कर्बाचे 20 अणू व 5 दुहेरी बंध, ‘डीएचए’मध्ये 22 अणू व 6 बंध. दुसरे आपल्या मेंदूत व डोळ्याच्या पडद्यात विपुल असते. मासा ती स्वतः फारशी तयार करीत नाही. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती करतात व अन्नाच्या साखळीतून ती माशात येतात.

सर्व मासे मात्र सारखे नव्हेत. तारली व बांगडा तेलकट. ताज्या बोंबलात बहुतांशी पाणीच. तारलीची चरबीदेखील ऋतूप्रमाणे कमीअधिक होते. येथे गणिताच्या तासाला उपयोगी असा एक सापळा आहे. समजा, 100 ग्रॅम मांसात चरबी 1 ग्रॅम व तिच्यात ही आम्ले 30 टक्के, तर मिळाली 0.3 ग्रॅम. दुसऱ्या माशात चरबी 10 ग्रॅम व आम्ले 20 टक्केच, तरी मिळाली 2 ग्रॅम. टक्के कशाचे, हे विचारल्यावाचून तक्ता वाचू नये. शिकलेली माणसेही येथे फसतात.

1970 नंतरच्या दशकात बँग व डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या इनुइट लोकांचे रक्त तपासले, तेव्हापासून या आम्लांचा हृदयाशी संबंध चर्चेत आला. पुढे तेलाच्या गोळ्यांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एकसारखे आले नाहीत.

आपल्या रोहू-कतल्यातही ही आम्ले असतात, पण बहुधा कमी. ज्यांच्या घरी मासे वर्ज्य, त्यांना जवसाची चटणी आहे. जवसाच्या तेलात सुमारे निम्मे आम्ल याच कुळातले, 18 अणूंचे व 3 बंधांचे. शरीर त्यातून थोडे ईपीए बनविते, डीएचए फारच थोडे. दुहेरी बंध हवेतील प्राणवायूशी लवकर संयोग पावतात. म्हणून जवसाचे तेल बॅटीला लावले की सुकते, आणि सुकी मासळी फार दिवस ठेवली की खवट होते. बाजारातून ती घेताना वास घेऊन पाहावा.

त्या मुलास आम्ही कळविले की, मेंदूच्या घडणीस हे आम्ल लागते, हे खरे. पण बांगडा खाऊन पाढे पाठ होत नाहीत.